वसईची मोहीम सुरू होते ती अंजुरात

#धागा

१/
वसईचा विजय म्हटले की चिमाजी अप्पा, सुरुंगांनी कोसळलेला सान सेबास्तियांचा बुरूज आणि मे १७३९ ही चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. पाठ्यपुस्तकात ही पेशव्यांची एक मोहीम आहे. पुण्याहून फौज निघाली, दोन वर्षे लढली आणि जिंकली. या मांडणीत एक गाव गळून जाते. ते भिवंडी तालुक्यात आहे आणि त्याच्या नावाचा फाटा मुंबई परिसरातील प्रत्येक मालट्रक चालकाला ठाऊक आहे. अंजूर.

२/
अंजूरच्या नाईकांनी जे केले त्याला मोहीम हा शब्द अपुरा पडतो. पोर्तुगीज अमलाखालील रयतेतील काही घराण्यांनी राज्यकर्त्यांविरुद्ध रचलेला तो उठाव होता आणि मराठी फौज त्या उठावाच्या हाकेला ओ देऊन आली. हा फरक केवळ शब्दांचा नाही. उठाव कुणाचा मानायचा, यावर पाहायला कुठे जायचे हे ठरते. फौजेचा इतिहास पाहायचा असेल तर वसईचा किल्ला पुरेसा आहे. उठावाचा इतिहास पाहायचा असेल तर अंजूर, ठाणे, वसई आणि वज्रेश्वरी असा फेरा घ्यावा लागतो, आणि त्याची दोन टोके भिवंडी तालुक्यातच येतात.

३/
आधी पार्श्वभूमी थोडक्यात. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली. तिच्याबरोबर साष्टी आली, म्हणजे आजचे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचे बेट. पुढील दोनशे वर्षे हा त्यांचा 'उत्तर प्रांत' होता आणि वसई त्याची राजधानी. गावे नाममात्र खंडावर पोर्तुगीज सरदारांना आणि धर्मसंस्थांना लावून दिलेली असत. या खंडाला पोर्तुगीज भाषेत 'फोरो' म्हणत. मुंबईतील 'फोरास' जमिनी आणि फोरास रोड यांची नावे त्याच शब्दाची उरलेली खूण आहेत.

४/
१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. त्याचा हात उत्तर प्रांतापर्यंत पोहोचत असे. उघडपणे लग्न-मुंज करणे, देवळे बांधणे, अनाथ मुलांचा ताबा, अशा गोष्टींवर निर्बंध होते. ते सर्व काळ सारख्याच कडकपणे पाळले गेले असे नाही. अधिकारी बदलला की जाच कमीजास्त होई. पण वतनदार घराण्यांच्या डोक्यावर तलवार कायम टांगलेली राहिली. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांची हकीकत या संदर्भात सांगितली जाते: धर्मबंदी मोडल्याचा आरोप, जप्ती, कैद, तेथून सुटका आणि मग पुण्याचा रस्ता.

५/
आता नकाशा पाहा. १७२० च्या आसपास कल्याण-भिवंडी मराठ्यांकडे आली. म्हणजे खाडीच्या एका काठावर शाहू छत्रपतींचा अंमल आणि दुसऱ्या काठावर पोर्तुगालच्या राजाचा. अंजूर या सीमेवरचे गाव. येथून माणसे, धान्य, मीठ, मासळी दोन्हीकडे जात-येत, आणि त्यांच्याबरोबर बातम्याही. कोणत्याही बंडाला असे एक सीमेवरचे गाव लागतेच.

६/
गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ याच गावचे. परंपरा सांगते की, गंगाजी चिंचवडच्या देव घराण्याचे भक्त होते आणि तेथूनच त्यांची दाद पेशव्यांपर्यंत पोहोचली. अंजूरच्या सिद्धिविनायकाचे नातेही याच श्रद्धेशी जोडले जाते. ही सारी हकीकत 'साष्टीची बखर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात आली आहे. बखरीचा सूर भक्तिपूर्ण आहे. तीत स्वप्ने, कौल आणि प्रसाद आहेत.

७/
येथे जरा थांबायला हवे. बखर हे साधन कसे वापरायचे? वतनदार घराण्यांच्या बखरी आणि कैफियती पुष्कळदा हक्क सांगण्यासाठी लिहिल्या जात. 'आमच्या पूर्वजांनी अमुक कामगिरी केली, म्हणून आम्हांस इनाम मिळावे' हा त्यांचा गाभा असतो. तेव्हा घराण्याचा वाटा फुगवलेला असणार हे गृहीत धरून वाचावे. पण फुगवण्यासाठीही मुळात काही असावे लागते. रात्रीच्या वेळी खाडी ओलांडून अर्धवट बांधलेल्या किल्ल्यावर चालून जाणे, हे काम पुण्याच्या घाटमाथ्यावरील शिपाई स्थानिक वाटाड्यांशिवाय करूच शकले नसते. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, चिखल कुठे, होडी कुठे लागते, पहारा कुठे ढिला आहे, हे कागदावर लिहिलेले नव्हते. ते काठावरच्या माणसांनाच माहीत होते.

८/
आज अंजुराला जायचे तर भिवंडीच्या गोदामपट्ट्यातून जावे लागते. राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडे, वळ, माणकोली ही गावे एकेकाळी भाताची होती. आता तेथे पत्र्याच्या छपरांची रांग लागली आहे आणि देशभरातून घरपोच येणाऱ्या खोक्यांपैकी कितीतरी येथून निघतात. वारसा म्हणून येथे काही पाहायचे आहे, हे रस्त्यावरून जाताना कुणाच्या मनातही येणार नाही.

९/
अंजुरात नाईकांचा वाडा आहे आणि गणेशोत्सवाची जुनी परंपरा आहे. चित्रपट-मालिकांच्या चित्रीकरणामुळे वाडा अनेकांनी पडद्यावर पाहिलेलाही आहे, फक्त तो कशाचा वाडा आहे हे ठाऊक नसते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: ते राहते खासगी घर आहे, संग्रहालय नव्हे. परवानगी घ्यावी, देवघराबाहेर चपला काढाव्यात, आणि नाही म्हटले तर बाहेरून नमस्कार करून परतावे. वारसास्थळाच्या यादीत न बसणारी अशी घरे केवळ कुटुंबांच्या जिद्दीवर उभी असतात. पाहुण्यांच्या उपद्रवाने दार कायमचे बंद झाल्याची उदाहरणे महाराष्ट्रात कमी नाहीत.

१०/
पुढचा टप्पा ठाणे. कशेळीचा पूल ओलांडला की आपण १७३७ ची सरहद्द ओलांडलेली असते.

११/
ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, तो मराठ्यांच्या धास्तीनेच. १७३७ उजाडले तरी बांधकाम अपुरे होते. किल्ला पूर्ण होण्याआधी घाव घालायचा, हा कटाचा मुख्य हिशोब होता. एकदा तटबंदी पुरी झाली की खाडी ओलांडणे अशक्य झाले असते.

१२/
२६ मार्च १७३७ च्या रात्री मराठी तुकड्यांनी खाडी ओलांडली. शंकराजी केशव फडके, खंडोजी माणकर ही सरदारांतील नावे. अंजूरकर नाईक वाटाड्यांच्या आणि हल्लेखोरांच्या पुढच्या फळीत. उत्तर प्रांताचा जनरल दों लुईश बोतेल्यू ठाणे सोडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी ठाणे मराठ्यांचे होते आणि त्यापाठोपाठ साष्टीतील बहुतेक ठिकाणे हाती आली. राज्य दोनशे वर्षांचे आणि त्याचा हा भाग गेला एका रात्रीत. किल्ला अर्धवट होता हे एक कारण. प्रजा त्याच्या बाजूने उभी नव्हती, हे दुसरे आणि मोठे.

१३/
एक विलक्षण योगायोग. थोरले बाजीराव तेव्हा कुठे होते? दिल्लीच्या वेशीवर! २८ मार्च १७३७ रोजी ते दिल्लीसमोर प्रकट झाले आणि मोगल दरबाराची झोप उडाली. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातील दोन अत्यंत धाडसी चाली एकाच आठवड्यात, सुमारे बाराशे किलोमीटरच्या अंतराने घडल्या. कोकणची बाजू धाकट्या भावाने, चिमाजी अप्पांनी सांभाळली.

१४/
तारखांबाबत एक सूचना, कारण यावरून समाजमाध्यमांवर दरवर्षी वाद होतात. पोर्तुगीज कागदांत ठाण्याच्या हल्ल्याची तारीख ६ एप्रिल अशी येते, मराठी पुस्तकांत २६ मार्च. दोन्ही बरोबर आहेत. पोर्तुगिजांनी नवी ग्रेगोरियन पद्धत १५८२ मध्येच स्वीकारली होती. इंग्रजांनी ती १७५२ मध्ये स्वीकारली आणि आपल्याकडील इतिहासकारांनी त्याआधीच्या तारखा जुन्या इंग्रजी पद्धतीने देण्याचा पायंडा पाडला. फरक अकरा दिवसांचा. वसईच्या तहाची तारीख ५ मे की १६ मे, हा वादही याच खात्यातला. दोन्ही नोंदींत दिवस एकच आहे.

१५/
हा किल्ला आज पाहता येत नाही. तो ठाण्याचा मध्यवर्ती कारागृह आहे आणि त्यात आजही कैदी आहेत. बाहेरून तटाचा दगड दिसतो, तेवढ्यावरच समाधान मानावे; छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. तरीही या भिंतीसमोर पाच मिनिटे उभे राहण्यासारखे महाराष्ट्रात फार थोडे ठिकाण आहे. कारण ज्या किल्ल्याने एक परकी सत्ता जाताना पाहिली, त्याच किल्ल्याने दुसरी सत्ता येताना पाहिली.

१६/
२८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी ठाणे जिंकले. मराठ्यांच्या ताब्यात ते जेमतेम सदतीस वर्षे राहिले. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. मग किल्ल्याचा तुरुंग झाला.

१७/
त्याच्या भिंतीआड घडलेल्या तीन गोष्टी.

पहिली सुटकेची. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून येथे कैदेत होता. इंग्रज अधिकाऱ्याच्या पागेतील एक मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणे. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी येत नव्हते. गाण्यातून पळून जाण्याची योजना खिडकीपर्यंत पोहोचत होती. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. भाषा न शिकण्याची किंमत राज्यकर्त्यांना क्वचितच इतकी रोख मोजावी लागली असेल.

१८/
दुसरी गोष्ट राघोजी भांगरे यांची. अकोले तालुक्यातील देवगावचे महादेव कोळी. किल्ल्यांवरील शिबंदी इंग्रजांनी मोडली, पिढीजात हक्क गेले, सावकारी पाश आवळला, आणि सह्याद्रीत बंडे पेटली. त्यांचे वडील रामजी १८२८ ते १८३० च्या बंडात होते. राघोजींचे नाव १८४४-४५ मध्ये घाटावर आणि कोकणात गाजू लागले. सरकारी कागद त्यांना दरोडेखोर म्हणतात. मात्र त्यांचा राग प्रामुख्याने सावकार आणि पोलीस यांच्यावर रोखलेला होता, हे त्याच कागदांतून उघड होते. जानेवारी १८४८ मध्ये ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

१९/
तिसरी गोष्ट नाशिकची. कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी झाली. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते.

१७३७, १८४८, १९१०. एका किल्ल्याच्या भिंतीत तीन काळांतील बंडे आहेत, आणि तीनही वेळा बंडखोर वेगळ्या समाजाचे, वेगळ्या कारणांचे आणि वेगळ्या भाषेत बोलणारे आहेत. त्यांना एकाच माळेत ओवण्याची घाई करू नये. त्यांना जोडणारा धागा फार तर या दगडांचा आहे.

२०/
ठाण्याहून वसईकडे जाण्यासाठी सर्वांत योग्य वाहन म्हणजे दिवा–वसई रेल्वे. कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र, वसई रोड. उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर, डाव्या हाताला खाडीची खाजणे. गाड्या मोजक्या आहेत, वेळापत्रक आधी पाहावे. पण या मार्गाच्या खिडकीतून १७३७ ते १७३९ चा भूगोल जसा उलगडतो तसा कोणत्याही पुस्तकातून उलगडत नाही. चिखल, खाजण, खाडी, पुन्हा चिखल. दोन वर्षे का लागली, हे कामणच्या पुढे आपोआप समजते.

२१/
ठाणे एका रात्रीत पडले. वसई पडायला दोन पावसाळे गेले. माहीम, केळवे, तारापूर, धारावी, वर्सोवा ही ठाणी एकेक करून लढवावी लागली. तारापूरच्या हल्ल्यात जानेवारी १७३९ मध्ये बाजी भीवराव रेठरेकर पडले. ते पेशव्यांच्या घरचे जिवाभावाचे माणूस होते. शेवटी वसईला वेढा पडला आणि मेच्या आरंभी सुरुंगांनी तट फुटला. मराठ्यांची हानी भयंकर होती. तटाच्या आत अन्न, दारूगोळा आणि आशा तिन्ही संपत आल्या होत्या.

२२/
तहाच्या अटी सविस्तर वाचण्यासारख्या आहेत. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांनिशी, वाद्ये वाजवीत, सन्मानाने बाहेर पडू दिले गेले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला तिच्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा मिळाली. ज्या उठावाच्या मुळाशी धर्मपीडा होती, त्याच्या शेवटी जेत्याने हे कलम मान्य केले. आज वसईत जे ख्रिस्ती समाज आहेत, ते त्या रयतेचे वंशज आहेत. येथल्याच मातीतले, शेती-बागायत करणारे, मराठीची आपली बोली जपणारे. किल्ल्यातील पडक्या चर्चसमोर उभे राहून 'परक्यांचे' म्हणून त्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी हा तह एकदा वाचावा.

२३/
वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. जमिनीकडचा दरवाजा, बंदराकडचा दरवाजा, जेझुइट चर्चचे दर्शनी तोंड, फ्रान्सिस्कन मठाचे थडग्यांचे दगड हे सर्व पाहून झाले की तटावरून चालावे. आत नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे मंदिर आहे. ती मराठा अमलाची खूण. लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी येथे इतकी गर्दी असते की रविवार टाळणेच शहाणपणाचे.

२४/
चर्चमधील घंटा मात्र येथे नाहीत. त्या विजयचिन्ह म्हणून महाराष्ट्रभर वाटल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक. तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरलाही अशी एक घंटा आहे.

२५/
याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्याचे स्वातंत्र्य कागदावर गमावले. त्रेसष्ट वर्षांपूर्वी जे शहर हजारो जीव देऊन घेतले होते, तेथेच बसून. पर्यटकांना हे सहसा कुणी सांगत नाही.

२६/
परतीचा रस्ता शिरसाड–अंबाडी असा धरावा. तो पुन्हा भिवंडी तालुक्यात येतो, तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरीला. गावाचे जुने नाव वडवली. वसईवर चालून जाताना चिमाजी अप्पांनी येथे देवीला नवस केला आणि विजयानंतर मंदिर उभे राहिले, अशी परंपरा आहे. बांधले ते शंकराजी केशव फडके यांनी. होय, ठाण्याच्या खाडीतून रात्री गेलेले तेच फडके, आता वसईचे सुभेदार.

२७/
मंदिर लहानशा टेकडीवर आहे, बावन्न पायऱ्या चढून जावे लागते. खालून वर पाहिले की प्रथम देऊळ दिसतच नाही, दिसतो तो तट आणि नगारखान्याचा दरवाजा. लढाईहून परतलेल्या माणसाने बांधलेले हे देऊळ किल्ल्यासारखेच आहे; नगारखाना वसईच्या दरवाजाच्या धर्तीवर आहे असे स्थानिक सांगतात. भाविक दर्शन घेऊन अकलोली-गणेशपुरीच्या गरम कुंडांकडे वळतात. दरवाजाकडे मान वर करून पाहणारे थोडेच.

२८/
देवीचे मूळ स्थान वज्रेश्वरीत नव्हते. ते उत्तरेला गुंज येथे होते आणि पोर्तुगीज काळात तेथील देऊळ उद्ध्वस्त झाल्यावर देवी वडवलीस आणली गेली, असे सांगतात. हाताशी अर्धा दिवस उरला असेल तर तो गुंजेला द्यावा. तेथे तिकीट नाही, फलक नाही, मार्गदर्शक नाही. वाट विचारतच जावे लागते.